पन्नासच्या वर मळमळतं

मला वाचता येत नसतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

वडखळ नाक्यावर एस.टी.ची वाट बघत उभा होतो आणि समोरच्या खांबाला एक कागद चिकटवलेला होता. अक्षरं शिकलो तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्यामुळे अजूनही समोर काही लिहिलेलं दिसलं की ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय माझा पाय निघत नाही. औषधाचं खोकं असो की कुणाच्या बाराव्याचा फलक, मी छापखान्याच्या नावापर्यंत जातो. हाही कागद वाचला. 'जुन्या गाड्यांची ड्रॅग रेस. सरळ चारशे मीटर. डिसेंबरचा तिसरा रविवार. वयाची अट नाही.'

तोवर एस.टी. निघून गेली होती. पण 'वयाची अट नाही' ही ओळ मला कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी तशी लागली. मी एकोणसत्तर वर्षांचा. बत्तीस वर्षं रोह्याच्या एका डॉक्टरांची गाडी चालवली आणि त्या बत्तीस वर्षांत काटा कधी पन्नासच्या पुढे गेला नाही. डॉक्टरांना पन्नासच्या वर मळमळायचं. एकावन्न झाले की मागच्या सीटवरून आवाज यायचा, "भिकू, हळू." मी आरशात बघायचो. डॉक्टर रुमाल तोंडाशी धरून बसलेले असायचे. मी पाय उचलायचो.

डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी, वृंदावहिनींनी, गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडी माझी झाली, पण पाय डॉक्टरांकडेच नोकरीला राहिला. त्याला आता बारा वर्षं झाली. आणि यंदाच्या डिसेंबरात माझा परवाना संपत होता. माझी मुलगी करिश्मा अलिबागला बँकेत आहे. तिने आधीच बजावलं होतं, "बाबा, परवाना पुन्हा काढायचा नाही. तुमचा गुडघा बघा, डोळे बघा." मी हो म्हटलं होतं. फक्त त्याआधी एकदा, आयुष्यात एकदा, तो पेडल तळाला टेकवून बघायचा होता. बस्स. जिंकायचं वगैरे काही नव्हतं. तळाला काय असतं एवढंच बघायचं होतं.

आता गाडीविषयी. जुन्या गाड्यांचा विषय निघाला की लोक डोळे मिटून दोन-तीन नावं घेतात आणि आपल्या काकांच्या लग्नात ती कशी सजवली होती ते सांगतात. माझ्या वन-वन-एट एनईचं नाव कुणी घेत नाही. चौकोनी, खोक्यासारखी गाडी. तिला कुणी नावंसुद्धा ठेवली नाहीत, कारण तेवढ्यासाठी तिच्याकडे नीट बघावं लागलं असतं. पण तिचं इंजिन मी स्वतः चार वेळा उघडलंय. अकराशे एकाहत्तर सीसीचं, जपानी घडणीचं, आटोपशीर. घरातली एखादी काकू वर्षानुवर्षं भाकऱ्या थापते आणि एक दिवस अचानक कळतं की ती सुंदर गाते, तसं ते इंजिन. कुणी तिला गा म्हटलंच नव्हतं, एवढंच.

मी इंजिन आमच्या पेणच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरवायला काढलं. चेनकप्पी लावली आणि अर्ध्या तासात अख्खी इमारत जमली. आमचे सचिव विष्णु सर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सर्वांत पुढे. सल्ला प्रत्येकाकडे होता. एकाने सांगितलं, नवीन गाडीचं इंजिन बसवा. दुसऱ्याने सांगितलं, गाडी विका. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की एवढं उघडलंच आहे तर त्यांचा मिक्सरही बघून देता का. मिक्सर मी बघून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नोटीस लागली.

माझी बायको सोनी त्या नोटिशीसमोर पदर खोचून उभी राहिली. ती गेल्या दिवाळीपासून वाचायला शिकते आहे. मला वाचताना बघून तिला पंचवीस वर्षं राग येत होता, तो शेवटी असा बाहेर पडला.

"वा... ह... न... त... ळा... वर," ती म्हणाली. "थांबा, सांगू नका. इं... जि... न."

"इंजिन उघडण्यास," मी म्हणालो.

"सांगू नका म्हनलं ना!"

पूर्ण व्हायला दहा मिनिटं लागली. वाहनतळावर इंजिन उघडण्यास, तेल सांडण्यास व त्यानिमित्ताने गर्दी जमवण्यास मनाई आहे. खाली विष्णु सरांची सही. खाली सही करणारे सर माझ्या मागेच उभे होते. म्हणाले, "भिकूभाऊ, नियम तो नियम. पण पिस्टन सगळे सारख्या वजनाचे आहेत का, ते तपासलंत?"

"हाताला कळतं, सर."

"हाताला किलो कळतो. ग्रॅम कळत नाही."

हे मला लागलं. माझ्या हाताविषयी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. मी चारही पिस्टन पिशवीत घातले आणि सरांना घेऊन तडक सोनाराकडे गेलो. काट्यावर पहिला ठेवला, दुसरा ठेवला, आणि सर बरोबर निघाले. तीन ग्रॅमचा फरक. दुकानात लग्नाची खरेदी करायला आलेल्या एक बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी सोनाराला हळूच विचारलं, "हे नवीन आलंय का?" कानशीने घासत, पुसत, पुन्हा वजन करत आम्ही दुपार काढली. सोनाराने सवयीने चारही पिस्टन गुलाबी कागदात बांधून दिले. त्या दिवसानंतर सर आमच्यातलेच झाले. नोटीस मात्र त्यांनी काढली नाही.

सरांमुळेच मी सरकारी खिडकीवरही जाऊन आलो. इंजिनात बदल केला तर कळवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. खिडकीमागचे साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "इंजिन बदललं?"

"नाय साहेब, तेच हाय."

"नंबर बदलला?"

"तोच हाय."

"मग बदललं काय?"

"आतून बदललंय."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "काका, आतून बदलल्याचा फॉर्म नसतो." घरी येईपर्यंत मी त्या वाक्याचा विचार करत होतो. आतून काय बदललं हे माणसाला कुठे नोंदवता येत असतं तर बरंच काही सोपं झालं असतं.

खरं काम होतं हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं. इंजिनात हवा आत जायच्या ज्या वाटा असतात त्या ओतकामातून खडबडीत आलेल्या असतात. त्या आतून कोरून, घासून, चारही अगदी एकसारख्या कराव्या लागतात. इंजिनाचा श्वास मोकळा होतो. पण बोट जेमतेम जाईल एवढी वाट, आणि आतलं वळण डोळ्यांना दिसत नाही. असं काम करणारा हात पेणमध्ये एकच होता आणि तो गणपतींचे डोळे आखत असे. माझा मित्र कान्हू.

कान्हू म्हणाला, "भिकू, साखरचौथ होऊ दे. मग ये."

गणपती घडवणाऱ्यांना चतुर्थीला स्वतःच्या घरी गणपती बसवायला सवड नसते. जगाचे गणपती मार्गी लावायचे, आणि मग वद्य चतुर्थीला, साखरचौथीला, आपला आणायचा. मी थांबलो. त्यानंतर हेड त्याच्या कारखान्यात गेलं ते दीड महिना. रंग न लागलेल्या पांढऱ्या गणपतींच्या रांगेत, फिरत्या पाटावर, हेड. कान्हू बोट आत घालायचा, डोळे मिटायचा, आणि कोरणीने कणभर धातू काढायचा.

"बघून कर की," मी एकदा म्हणालो.

"बघून बाहेरचं करतात. सोंडेच्या आतली बाजू काय बघून करतात का?"

त्याने पहिली वाट कोरली, तिचा रबराचा साचा घेतला आणि उरलेल्या तीन वाटा त्या साच्याबरहुकूम उतरवल्या. लेथवाल्याने फ्लायव्हील, इंजिनाचं जड चाक, हलकं करून दिलं. एका भंगारवाल्याकडे मला दोन घशांचा कार्बोरेटर मिळाला, इंजिन ज्यातून हवा ओढतं तो. नोव्हेंबर संपताना इंजिन जोडून झालं आणि कान्हू कार्बोरेटरची ती दोन भोकं बघत उभा राहिला. वर तोंड केलेली, शेजारी शेजारी, गोल.

"हे याचे डोळे," तो म्हणाला.

"तो घसा हाय, कान्हू. दोन घसे."

"मला नको शिकवू डोळे कुठले ते." आणि त्याने खरोखर कुंचला घेऊन दोन्ही भोकांभोवती काळी बारीक रेघ ओढली, वर सोनेरी. अशी रेघ की इंजिन तुमच्याकडे बघतंय असं वाटावं. मला हसू आलं, पण मी हसलो नाही. दीड महिना त्याने एका शब्दाने मोबदला विचारला नव्हता.

शर्यत कोलाडच्या पुढे, एका बंद कारखान्याच्या काँक्रीटच्या रस्त्यावर होती. गाडी गणपती वाहणाऱ्या टेम्पोतून न्यायची ठरली. टेम्पो कान्हूच्या पुतण्याचा, प्रविणचा. निघताना कान्हूने बोनेट उघडलं आणि त्या दोन डोळ्यांवर लाल मलमलीचा रुमाल घालून दोऱ्याने बांधला. कारखान्यातून गणपती घरी नेताना चेहरा झाकतात, तसा. "ठिकाण आल्याशिवाय उघडायचा नाय," तो म्हणाला. सोनीने हळदकुंकू वाहिलं. हे सगळं इतकं रीतसर झालं की रुमाल कोण काढणार हे कुणी कुणाला विचारलं नाही.

मैदानावर सावनी नावाची मुलगी फॉर्म भरून घेत होती. त्यात एक चौकट होती, 'आजवर गाठलेला सर्वाधिक वेग.' विष्णु सरांनी घरून निघतानाच कानात सांगितलं होतं, एकशे तीस लिहा. पण जे अक्षर मी एवढ्या उशिरा मिळवलं त्याने खोटं लिहायला हात धजत नाही. मी लिहिलं, पन्नास.

"काका, पुढे एक शून्य राहिलं का?" सावनीने विचारलं.

"पाचशे कशी जाईल गो?"

ती हसली. मग गाडी तपासायला आली. तिने बोनेट उघडलं. आत लाल रुमाल, दोरा, हळदकुंकू. तिने क्षणभर हात जोडले आणि बोनेट अगदी हलक्या हाताने बंद केलं.

प्रत्येक गाडीला तीन फेऱ्या. दोन गाड्या शेजारी, दिव्यांचा खांब, हिरवा लागला की सुटायचं. माझ्या शेजारी कुणाची तरी ठेंगणी करडी गाडी गुरगुरत होती. हिरवा लागला. मी पाय दाबला. गाडीने खोल श्वास घेतला आणि तो सोडलाच नाही. मी आणखी दाबला, ती आणखी मंदावली. जेवढा जोर लावावा तेवढी ती बसत चालली. करडी गाडी केव्हाच पलीकडे पोचली होती. मी पाय अर्ध्यावर आणला तशी आमची बाई खूश होऊन तुरुतुरु चालायला लागली. काट्यावर बघितलं, पन्नास. चारशे मीटरला छत्तीस सेकंद लागले. काहीतरी झालं असावं असं समजून रुग्णवाहिका आमच्या मागोमाग येत होती आणि तिलाही माझ्यामुळे हळू यावं लागत होतं. ध्वनिक्षेपकावरचा माणूस म्हणाला, "टाळ्या वाजवा, काका सुखरूप पोचले!"

बोनेट उघडलं. रुमाल दोन्ही भोकांत शोषला जाऊन खोल गेला होता.

"तू काढला नाय?" कान्हू मला म्हणाला.

"तू बांधलास, तू काढशील."

"घरधनी काढतो! मी कारागीर, मी कसा काढीन? नायतर वहिनींनी..."

"मशीनला मी कशाला हात लावू?" सोनी म्हणाली. "उद्या बंद पडली तर म्हनाल, सोनीने हात लावला."

करिश्मा अलिबागहून थेट आली होती. तिने फक्त माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुसरी फेरी. हिरवा लागला आणि या वेळी इंजिन असं उठलं की माझी पाठ सीटला चिकटली. दुसरा गिअर, तिसरा. कान्हूच्या बोटांनी कोरलेल्या त्या चार वाटांतून वारं असं जात होतं की मला त्याचा अभिमान वाटायलाही वेळ नव्हता. पेडल अजून थोडं खाली जायचं होतं. दोन बोटं राहिली असतील. आणि माझे डोळे आपोआप वर आरशाकडे गेले. मागची सीट. रिकामी. पाय उचलला गेला.

मी उचलला नाही. तो उचलला गेला. चोवीस सेकंद.

परत आलो तेव्हा वृंदावहिनी येऊन उभ्या होत्या. सासऱ्यांची गाडी पळताना बघायला रोह्याहून रिक्षा करून आलेल्या. "मध्येच काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

"काय नाय वहिनी. डॉक्टरांना पन्नासच्या वर मळमळायचं ना, तर आरशात बघितलं की पाय सुटतो."

वहिनींनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाबांना? मळमळायचं? अहो, बाबा वाऱ्यावादळात रेवसच्या लाँचमध्ये उभे राहून भजी खायचे. सगळी लाँच ओकत असायची."

"पण ते गाडीत..."

"मी गाडी चालवायचे तेव्हा शेजारी बसून मुंबईला शंभरने जायचे. झोपायचे."

मला पुढे विचारायचं होतं, पण तिसऱ्या फेरीला नाव पुकारलं. मी गाडीत बसलो. डोक्यात भजी आणि लाँच. इंजिन आम्ही आतून बदललं होतं, पण पाय होता तोच होता, आणि आता तो का उचलतो हेही मला कळेनासं झालं होतं. एवढ्यात सोनी सरळ रस्त्यावर चालत आली. सावनी "मावशी, मावशी" करत मागे. सोनीने खिडकीतून हात घातला आणि तो लाल रुमाल आरशावर टाकून गाठ मारली.

"ठिकाण येईपरेंत उघडायचा नाय," ती म्हणाली. "आणि उघडायचा कुनी, ते आताच सांगते. तुमी."

सावनी नियमांचा कागद वरून खाली बघत होती. त्यात आरशाविषयी काही नव्हतं.

हिरवा लागला. पहिला, दुसरा, तिसरा. डोळे वर गेले. लाल रुमाल. पाय गेला, गेला, आणि बुटाखाली काहीतरी टणक लागलं. पत्रा. पेडलच्या खाली पत्रा असतो. हे मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. इंजिन गात होतं. दोन्ही बाजूंना पाट्या होत्या, शंभर मीटर, दोनशे मीटर, कुणाच्या तरी टायरच्या जाहिराती, आणि अक्षर शिकल्यापासून पहिल्यांदाच मला वाटेतली एकही पाटी वाचता आली नाही.

साडेसतरा सेकंद. करडी गाडी तरीही पुढेच होती.

गाडी थांबवली आणि आधी रुमालाची गाठ सोडली. आरशात मागची सीट होती, तिच्यामागे काच, आणि काचेत लांबवर तो रस्ता. त्यावरून कान्हू धावत येत होता, करिश्मा धावत होती, आणि सोनी चपला हातात घेऊन सर्वांच्या पुढे होती.

सावनी फॉर्म घेऊन आली. "काका, आता तरी चौकट बदलू या. किती गेला काटा?"

काट्याकडे मी बघितलंच नव्हतं. म्हणून त्या फॉर्मवर आजही पन्नासच आहे. परवाना मी खिशातून काढून करिश्माच्या हातात दिला. मुदत संपायला दहा दिवस होते, पण माझं काम झालं होतं. तिने तो पर्समध्ये ठेवला आणि मग उगाचच माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.

परतताना टेम्पोत पुढे आम्ही तिघं. प्रविण चालवायला, मध्ये मी, खिडकीशी सोनी. मागे गाडी, आणि गाडीत कान्हू, कारण इंजिनाला एकटं सोडायला तो तयार नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माझे हात रिकामे होते. कोलाड मागे पडलं. हे कोलाड मी पहिल्यांदा वाचलं ते मैलाच्या दगडावर. मागून डॉक्टर विचारायचे, "भिकू, काय लिहिलंय रे तिथे? मी चष्मा विसरलोय." चष्मा त्यांच्या खिशात असायचा, मला आरशात त्याची काडी दिसायची. म्हातारा माणूस, विसरत असेल, असं मला वाटे. मग मी दगड जवळ येईपर्यंत एकेक अक्षर लावायचो. को. ला. ड. रोज. प्रत्येक दगडाला. असं करत मी अख्खा तालुका वाचायला शिकलो.

शेजारी सोनी खिडकीच्या बाहेर डोकं काढून पुटपुटत होती. निळी पाटी येत होती.

"ना... गो..." ती म्हणाली, आणि पाटी गेली.

पुढची आली. "व... ड..." गेली.

"काय मेल्या पाट्या पळतात!" ती वैतागून म्हणाली.

मी काट्याकडे बघितलं. ऐंशी. रस्ता मोकळा होता, टेम्पो चांगला चालला होता, प्रविणची काहीच चूक नव्हती. मी खिशातून रुमाल काढला. लालच निघाला. तो तोंडाशी धरला.

"प्रविण," मी म्हणालो, "हळू घे जरा. मला पन्नासच्या वर मळमळतं."